अडलेल्या हवेचा काटा

हौशी : माझ्या जिप्सीवर ब्लोअर बसवायचं ठरलंच आहे, मिस्त्री, त्यावर आता वाद नको. वाद हेडचा आहे. मारुतीनं 1985 मध्ये जिप्सी आणली तेव्हा तिच्यात 970 सीसीचं इंजिन होतं. पुढे 1298 सीसीचं आठ व्हॉल्व्हचं आलं, साठ हॉर्सपॉवरच्या आसपास. मग तेच 74 मिलिमीटरचं बोअर आणि तोच 75.5 मिलिमीटरचा स्ट्रोक ठेवून वर सोळा व्हॉल्व्हचं हेड आलं आणि ताकद ऐंशीवर गेली. सिलिंडर तेवढेच, वीस घोडे जास्त. म्हणून मी म्हणतो, सोळा व्हॉल्व्हचं हेड घ्यायचं, त्याचे पोर्ट नीट उघडायचे आणि मग त्यावर ब्लोअर चढवायचा. ब्लोअर हवा ढकलणार, तर तिला वाट मोठी नको का?

मिस्त्री : वीस घोडे हेडचे, हे कुणी ठरवलं? त्याच वेळी कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, कॅम बदलला. चार जणांनी मिळून गाडी ढकलायची आणि हार एकाच्याच गळ्यात घालायचा, असला तुझा हिशेब. हेडनं काय होतं ते बघायचं असेल तर विलीजची जीप बघ. तिच्या जुन्या 134 घनइंची इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. हेड म्हणजे नुसतं बोल्ट मारलेलं झाकण. हॉर्सपॉवर 60. मग त्यांनी खालचा ब्लॉक जवळजवळ तसाच ठेवला आणि हवा आत घेणारा व्हॉल्व्ह तेवढा वर हेडमध्ये नेला. धूर सोडणारा ब्लॉकमध्येच राहिला. ताकद सत्तरीच्या पार गेली. कॉम्प्रेशनही थोडं वाढलं होतं, हे मी लपवत नाही. पण इंजिन उंच झालं, बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचलावं लागलं. महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती उंच कपाळाची जीप तीच. आता लक्षात घे, हा सगळा खटाटोप का? तर हवा बाहेरच्या दाबानं जेवढी येईल तेवढीच येते म्हणून. तिला अडथळा नको म्हणून वाट सरळ करायची. तू तर मागून पंखा लावून हवेला धक्के मारणार आहेस. धक्काच मारायचा तर दार थोडं अरुंद असलं म्हणून काय बिघडलं? आहे ते आठ व्हॉल्व्हचं हेड चांगलं ग्राइंड करून बसव आणि पुली एक नंबर लहान लाव. काम झालं.

हौशी : इथंच सगळे फसतात. ब्लोअर धक्का मारतच नाही. रूट्स नावाच्या दोन भावांनी अमेरिकेत 1860 साली जो पंखा काढला तो मोटारीसाठी नव्हताच, तेव्हा मोटार होती कुठे? भट्ट्यांना हवा पुरवायला तो कामी आला. त्यात दोन लोब एकमेकांत फिरतात आणि दर फेऱ्याला ठरलेलं माप इकडून उचलून तिकडे टाकतात. आत काही दाबलं जात नाही. दाब तयार होतो तो पुढे, मॅनिफोल्डमध्ये, कारण ब्लोअर जेवढी हवा टाकतो तेवढी इंजिन गिळत नाही. म्हणजे डॅशबोर्डवरचा तो बूस्टचा काटा आत किती हवा गेली ते दाखवत नाही, किती अडली ते दाखवतो. गणपतीत वडखळला तीन किलोमीटर रांग आहे एवढ्यावरून पेणकडून कोकणात किती गाड्या उतरल्या ते कळतं का? रांग लांब आहे, कारण पुढे रस्ता अरुंद आहे. तुमचं आठ व्हॉल्व्हचं हेड आणि लहान पुली म्हणजे वडखळला रांग वाढवायची आणि म्हणायचं, बघा, केवढी वाहतूक.

मिस्त्री : रांगेतल्या गाड्याही शेवटी पोचतातच.

हौशी : पोचतात, पण तापून पोचतात. हिशेब करून बघा. मे महिन्यात आपल्याकडे बॉनेटमध्ये शिरणारी हवा 35 अंशांची धरा, प्रत्यक्षात जास्तच असते. अर्धा बार बूस्ट म्हणजे दाब दीडपट. साध्या रूट्स ब्लोअरची कार्यक्षमता पंचावन्न टक्के धरली तर हवा जवळजवळ सत्तर अंशांनी तापते. मॅनिफोल्डमध्ये शंभरच्या वर जाते. आता तोच ब्लोअर, तीच पुली, तेवढेच फेरे, पण हेड जास्त गिळणारं. काटा अर्ध्या बारवरून चार दशांशवर येईल. लोक म्हणतील, बूस्ट पडला. पण हवा दहा-बारा अंश थंड झाली, ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद कमी झाली, आणि आत गेलेली हवा कमी तर नाहीच, उलट थोडी जास्त. काटा खाली आणि गाडी पुढे. पोर्टिंगचा फायदा बिनब्लोअरच्या इंजिनापेक्षा ब्लोअरवाल्यात कमी होतो असं म्हणतात, ते मला पटत नाही. फायदा होतो, तो काट्यावर उलटा दिसतो, एवढंच.

मिस्त्री : हे मान्य. खरं सांगायचं तर काट्याची ही बाजू माझ्या डोक्यात नव्हती. पण मग मला सांग, हेडमध्ये हवा अडते कुठे? पोर्टच्या तोंडाशी? नाही. तोंडाशी हात पोचतो, डाय ग्राइंडर पोचतो, म्हणून सगळे तोंड मोठं करतात. आमच्याकडे येणाऱ्या दहा पोरांतली नऊ पोरं मॅनिफोल्डच्या बाजूनं दोन मिलिमीटर खरवडून आणतात आणि म्हणतात, पोर्ट केलं. हवा अडते ती व्हॉल्व्हच्या मागच्या वाटीत, सीटच्या खाली जी कास्टिंगची कड राहते तिथे, आणि वळणावर. कोलाडला कुंडलिकेच्या वळणावर उभा राहून बघ. भिऱ्याचं पाणी सुटलं की लोंढा बाहेरच्या काठावर आपटतो आणि आतल्या काठाशी पाणी उलटं फिरत राहतं. तिथे नदी रुंद दिसते, पण तेवढ्या रुंदीतून पाणी जात नाही. पोर्टचंही तसंच. खालचं आखूड वळण तीक्ष्ण असलं की हवा तिथून सुटते आणि अर्धी वाट नुसती भोवऱ्यानं भरते. आणि नेमकं तेच वळण खरवडायला माणसाला मोह होतो, कारण तिथे धातू जास्त दिसतो. ते आणखी खाली घेतलंस की वळण अजून तीक्ष्ण. भोक मोठं, हवा कमी. आणि त्याच्या मागे पाण्याचं जॅकेट. एका गॅरेजमध्ये मी शिकाऊ असताना तिथल्या उस्तादानं एका हेडचं पोर्ट असंच घेतलं. दिसायला सुरेख. इंजिन चालू केलं आणि तिसऱ्या सिलिंडरमधून पांढरी वाफ. आतली भिंत कागदासारखी झाली होती. ॲल्युमिनियमला वेल्डिंग करून पुन्हा फेसिंग मारलं, पण ते हेड कायमचं आजारी राहिलं.

हौशी : म्हणून काम वाटीतच करायचं. सीटला एक कोन न देता तीन द्यायचे, वर 30, मधे 45, खाली 60. कड काढायची, व्हॉल्व्हच्या मापाच्या साधारण 85 ते 90 टक्के गळा ठेवायचा, गाईडचा बाहेर आलेला बोंडा थोडा निमुळता करायचा. तोंडाला फक्त गॅस्केटशी जुळवून घ्यायचं. आणि पॉलिश करायचं नाही.

मिस्त्री : पॉलिश करायचं नाही हे तुला कळलं, म्हणजे निम्मं काम झालं.

(इथे मला मध्ये बोलावंसं वाटतं. आरशासारखं चकचकीत पोर्ट चहाच्या टपरीवर हातोहात फिरवणारे मी पाहिले आहेत. बोट आत घालून ते गुळगुळीत आहे याची खात्री प्रत्येक जण करून घेतो. हवेला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. आत येणाऱ्या वाटेवर थोडा खरखरीतपणा बरा, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळत नाहीत. बाहेरची वाट मात्र गुळगुळीत असली तर काजळी धरत नाही. म्हणजे कौतुक करायचं ते पोर्ट काळवंडणारं असतं आणि दाखवलं जातं ते दुसरंच.)

हौशी : आणि हे सगळं डोळ्यांनी ठरवायचं नाही, मोजायचं. जुना व्हॅक्यूम क्लीनर, प्लायवूडचं खोकं, पाण्याची नळी. 28 इंच पाण्याच्या दाबफरकावर किती हवा जाते ते दर मिलिमीटर लिफ्टला लिहून ठेवायचं. इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक हेच करत होता. बेंटलीच्या हेडवर त्यानं काम केलं, नंतर जॅग्वारच्याही. हातात कानस असलेला माणूस आणि हातात आकडा असलेला माणूस यांत फरक आहे.

मिस्त्री : 28 इंच पाणी म्हणजे किती? बारमध्ये सांग. सात शतांश. तुझा ब्लोअर अर्धा बार देणार आणि तू हेड तपासणार सात शतांशवर. शिवाय खोक्यात हवा सलग वाहते. इंजिनात सहा हजार आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला पन्नास वेळा दार उघडतो आणि बंद करतो. भरती आणि ओहोटी सेकंदाला पन्नास वेळा. तुझं खोकं म्हणजे खाडीत फक्त ओहोटीच मोजल्यासारखं. त्या आकड्यावर तू हेड निवडणार?

हौशी : निवडणार नाही, तुलना करणार. खोकं खरं सांगत नसेल, पण चारही पोर्टांशी सारखंच खोटं बोलतं. त्यानं मला एवढं कळतं की पहिल्यापेक्षा चौथा सिलिंडर कमी गिळतो आहे का, आणि किती. कारखान्यातून आलेल्या हेडमध्येही कास्टिंगचा गाभा इकडेतिकडे सरकलेला असतो. ब्लोअर आल्यावर हा फरक जिवावर बेततो. एकाला हवा जास्त आणि पेट्रोल सगळ्यांना सारखं, म्हणजे तो एकटा लीन चालणार, तोच आधी नॉक करणार, आणि त्याचाच पिस्टन जाणार. बाकी तीन ठणठणीत असताना एकाला भोक पडलेलं आपण पाहिलंय की.

मिस्त्री : हे मात्र मोलाचं बोललास. मग तुझं खरं काम पोर्ट मोठं करणं नव्हेच, चार भावांत सारखी वाटणी करणं आहे. कमीवाल्याला जास्त दे, जास्तवाल्याला हात लावू नको. असं असेल तर मी खोकं माझ्या शेडमध्ये ठेवू देईन. पण मग सोळा व्हॉल्व्हचा हट्ट कशाला? आठ व्हॉल्व्हच्या हेडमध्येही वाटणी करता येते. सोळात भोकं जास्त, भोकांमधल्या भिंती पातळ, आणि दोन एक्झॉस्ट सीटमधल्या चिंचोळ्या जागेत तडा जायची भीती जास्त. ब्लोअर आला की तिथेच उष्णता.

हौशी : दोन कारणं. एक, चार लहान व्हॉल्व्हांचा घेर दोन मोठ्यांपेक्षा जास्त होतो, म्हणजे व्हॉल्व्ह थोडा उचलला तरी वाट मोठी उघडते. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चार व्हॉल्व्हांमध्ये प्लग बरोबर मध्यावर बसतो. ज्वाळेला सगळीकडे सारखं अंतर जावं लागतं, म्हणजे कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटायच्या आत ज्वाळा तिथे पोचते. नॉकिंगला ते हेड जास्त सोसतं. बूस्टमध्ये आपली लढाई नॉकिंगशीच आहे. हवेची वाट हा अर्धा प्रश्न, जळण्याची वाट हा दुसरा अर्धा.

मिस्त्री : आणि निघून जायची वाट? ती तुम्ही लोक विसरता. रोह्याच्या स्टेशनात कोकण रेल्वे सुरू होते. 2022 मध्ये वीज येईपर्यंत तिथून डिझेल इंजिनं जायची. त्यातली नवी, मोठी चार हजार हॉर्सपॉवरची, तुला माहीत आहेत?

हौशी : माहीत आहेत म्हणजे, माझा मुद्दा त्यांनीच सिद्ध होतो. टू-स्ट्रोक इंजिन, बाहेरून हवा दिल्याशिवाय चालूच होत नाही. त्यांचा टर्बो सुरुवातीला गिअरनं क्रँकवरून फिरतो, अगदी आपल्या ब्लोअरसारखा, आणि धुरानं पुरेसा जोर धरला की क्लच सुटून त्या धुराच्याच जोरावर पळतो. हवा ढकलायची कला त्यांच्याकडून शिकावी.

मिस्त्री : मग हेही शिक. त्या इंजिनाच्या हेडमध्ये दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत आणि चारही एक्झॉस्टचे. हवा आत घेणारा एकही नाही. ती लायनरच्या भोकांतून खालून येते. म्हणजे ज्यांनी हवा ढकलायची पक्की सोय केली त्यांनी हेडची सगळी जागा बाहेर जाणाऱ्याला दिली. तुझं इंजिन फोर-स्ट्रोक आहे, तसं करता येणार नाही, ते मला कळतं. पण दिशा कळते ना? हवा तू दाबून आत घालशील, धुराला कोण ढकलणार? पिस्टन. ती मेहनत इंजिनाच्याच खात्यातून जाणार. दीडपट माल आत घातला तर दीडपट धूर बाहेर. तुझ्या पोर्टिंगचे तास मी दिले तर त्यातले निम्म्याहून जास्त एक्झॉस्टला दे. बिनब्लोअरच्या हेडला एक्झॉस्टचा प्रवाह इनटेकच्या पाऊणपट चालतो, इथे त्याहून चांगला वर लागेल. आणि एक्झॉस्टच्या सीटला फार बारीक करू नको. रेसवाले प्रवाहासाठी सीट मिलिमीटरभर ठेवतात. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता त्या सीटमधूनच हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. बारीक सीट म्हणजे लालभडक व्हॉल्व्ह, आणि लालभडक व्हॉल्व्ह म्हणजे दुसरा प्लग, वाटेल तेव्हा पेटवणारा.

हौशी : हे मान्य. मग आठ-सोळाचा वाद थोडा मागे पडतो, एक्झॉस्ट कुठल्या हेडचं चांगलं ते बघावं लागेल. आणि इनटेकच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील. 30 मिलिमीटरच्या व्हॉल्व्हच्या पाठीवर अर्धा बार म्हणजे साडेतीन किलोचा धक्का, आणि तो दार उघडं ठेवायच्या बाजूनं. कॅमचा ओव्हरलॅपही कमी हवा. नाहीतर दोन्ही दारं एकदम उघडी असताना मी तापवून, दाबून आणलेली हवा सरळ सायलेन्सरमध्ये निघून जाईल.

मिस्त्री : आता चेंबर. कॉम्प्रेशन किती ठेवणार?

हौशी : नऊवरून आठवर आणायचं. दर सिलिंडर 324.5 सीसी. नऊला वरची जागा साडेचाळीस सीसी लागते, आठला साडेशेहेचाळीस. म्हणजे सहा सीसी जागा वाढवायची. चहाचा एक चमचा.

मिस्त्री : आणि तो चमचा कुठून काढणार? जाड गॅस्केट लावून?

हौशी : नाही. 74 मिलिमीटरच्या बोअरवर सहा सीसी म्हणजे जवळजवळ 1.4 मिलिमीटर जाडी. तेवढं हेड वर उचललं की पिस्टन आणि हेडच्या कडांमधली ती दाबपट्टी संपली, जी शेवटच्या क्षणी मिश्रणाला मध्यावर फेकते. कॉम्प्रेशन कमी करून नॉकिंग टाळायला जायचं आणि त्याच झटक्यात नॉकिंगची मदतनीस जागा तयार करायची. त्यापेक्षा व्हॉल्व्हच्या बाजूची चेंबरची भिंत मागे घ्यायची. व्हॉल्व्ह भिंतीला चिकटून उघडत असेल तर अर्धी हवा तिथेच अडते. भिंत मागे गेली की जागाही मिळाली, वाटही मिळाली. एका कापात दोन कामं. हे मला हेडवर्कमधलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

मिस्त्री : सुंदर आहे, पण तुझ्या हातातलं हेड पुस्तकातलं नाही. ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून येणार. ते किती वेळा तापलं, किती वेळा वाकलं, किती वेळा फेसिंगला गेलं, हे विकणारा सांगत नाही, त्याला ठाऊकही नसतं. दर फेसिंगला चेंबर थोडं लहान होतं. तू साडेचाळीस धरून बसशील आणि असतील एकोणचाळीस. आधी काच ठेवून, ग्रीस लावून, ब्युरेटनं पाणी सोडून चारही चेंबर मोज. मग बोल. आणि पहिलं हेड कापायच्या आधी एक तडा गेलेलं हेड विकत घे, भंगाराच्या भावात. ते करवतीनं उभं चीर. पाण्याची जागा कुठे आहे, भिंत कुठे किती जाड आहे, ते डोळ्यांनी बघ. शंभर व्हिडिओ बघून कळत नाही ते एका चिरलेल्या हेडमध्ये कळतं. माझा आक्षेप पोर्टिंगला नाही रे. आंधळ्यानं पोर्टिंग करण्याला आहे.

हौशी : मग तुम्ही माझ्या बाजूनं आलात.

मिस्त्री : अजून नाही. तू मला हे सांग, गाडी चालणार कुठे? भिसे खिंड चढताना, सुकेळीला ट्रकमागे अडकल्यावर, रोहा बाजारात पहिल्या-दुसऱ्या गिअरला? तिथे बूस्ट नसतोच. ब्लोअरचा बायपास व्हॉल्व्ह उघडा, ब्लोअर नुसता फिरतोय. शंभर मिनिटांत नव्वद मिनिटं तुझं इंजिन साधं बिनब्लोअरचं, आणि तेही तू कॉम्प्रेशन कमी करून मंद केलेलं. उरलेल्या दहा मिनिटांसाठी हेड कापायचं?

हौशी : उलट. मोठ्या पोर्टमुळे खालची ओढ जाते ही जुनी तक्रार बिनब्लोअरच्या इंजिनाची. कमी आरपीएमला हवेचा वेग मंदावतो म्हणून. ब्लोअर अगदी खालपासून भरतो. ताम्हिणीला दुसऱ्या गिअरला दोन हजारावर पाय दाबला की हवा हजर. म्हणूनच मी टर्बो न घेता ब्लोअर घेतोय. हेडला मग खालची काळजी सोडून वरचं बघता येतं. पेट्रोलही मदतीला आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं, त्याचा ऑक्टेन चांगला आहे आणि उडताना ते हवा थंडही करतं.

मिस्त्री : आणि त्याला हवेच्या मानानं जास्त पेट्रोल लागतं, सात-आठ टक्के. तुझे जुने इंजेक्टर, जुना पंप, जुने रबरी पाइप. तिथे कमी पडलं की पुन्हा लीन, पुन्हा तोच पिस्टन. बेंटलीचं ऐकलंस ना? डब्ल्यू. ओ. बेंटलीला ब्लोअर मुळीच पसंत नव्हता. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, म्हणून त्यानं साडेसहा लिटरचं केलं. त्याच्या गाड्या शर्यतीत चालवणाऱ्या बर्किननं हट्टानं साडेचार लिटरवर ब्लोअर लावला. 1929 आणि 1930 ची ल मांची शर्यत कोण जिंकलं? मोठं, साधं इंजिन. लोकांच्या लक्षात मात्र ब्लोअरवाली राहिली.

हौशी : आणि दहा वर्षांनी ब्रिटनला वाचवलं ते विमानांच्या ब्लोअरवाल्या मर्लिन इंजिनानं. साधारण हजार हॉर्सपॉवरपासून सुरू झालेलं इंजिन त्याच 27 लिटरमध्ये दोन हजारांवर गेलं. तिथल्या स्टॅनले हूकर या इंजिनिअरनं ब्लोअरच्या वाटा सुधारल्या, इंधनही सुधारत गेलं.

मिस्त्री : पण त्याच मर्लिनला सुरुवातीला तिरप्या छताचं नवीन धर्तीचं हेड दिलं होतं. ते तडकायला लागलं. शेवटी पुन्हा साध्या, सपाट चेंबरवर आले. ब्लोअर हुशार करत गेले आणि हेड साधं केलं. मी तेच म्हणतोय.

हौशी : साधं केलं, पण ज्यांनी तिरपं करून पाहिलं त्यांनीच.

मिस्त्री : हं. आणखी एक. आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तुला ठाऊक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

हौशी : रस्त्यावर आणणार नाही. ऑफ-रोडला ट्रॉलीवरून नेईन.

मिस्त्री : अष्टमीहून कोलाडला भज्या खायला ट्रॉली लावशील?

हौशी : ते सोडा. मी तुमच्या अटी मान्य करतो. चिरलेलं हेड आधी. चेंबर मोजणं आधी. एक्झॉस्टला जास्त तास. वाटणी सारखी. मग राहिलं काय?

मिस्त्री : राहिलं हे, की हेडला हात न लावता, नुसतं ग्राइंड करून, ब्लोअर बसव. कमी बूस्टवर चालव. काटा कुठे थांबतो ते लिहून ठेव. हवेचं तापमान लिहून ठेव. मग हेड उतरव, पोर्टिंग कर, पुन्हा तोच ब्लोअर, तीच पुली. तू म्हणतोस तसं काटा खाली आला तर तुझं खरं.

हौशी : म्हणजे हेड दोनदा उतरवायचं, दोन गॅस्केट, बोल्टांचे दोन संच. आणि पहिल्या फेरीत तुमच्याच म्हणण्याप्रमाणे वाटणी असमान असताना चालवायचं. नॉक झालं तर दुसऱ्या फेरीला इंजिनच उरणार नाही. चाचणी करायला मी तयार आहे, पण उलट्या क्रमानं. आधी वाटणी, मग ब्लोअर.

मिस्त्री : मग तुला कधीच कळणार नाही, हेडनं काय दिलं आणि ब्लोअरनं काय. पुन्हा चार जण गाडी ढकलणार आणि हार एकाला.

हौशी : कळलं नाही तरी चालेल, पिस्टन राहिला तर.

मिस्त्री : आणि समजा काटा चार दशांशवर आला. हवा थंड, इंजिन निवांत. तू तिथे थांबशील?

हौशी : चार दशांश? सगळे अर्धा बार दाखवतात, मिस्त्री. काटा खाली आला तर पुली बदलीन.

मिस्त्री : आण तर मग आधी ते चिरायचं हेड. पुलीचं नंतर बघू.